आठवा पाट

माझा मामा एकसष्ट वर्षांचा झाला तरी शास्त्राप्रमाणं बटूच होता. हे मी चेष्टेनं म्हणत नाही; चेष्टा करायला बाकीचे नातेवाईक समर्थ आहेत. आठव्या वर्षी त्याची मुंज झाली. मुंजीनंतर सोडमुंज करायची असते, म्हणजे ब्रह्मचर्यातून मुलाची सुटका, मग तो लग्न करायला मोकळा. पण त्याच वर्षी मामाची आई गेली आणि सोडमुंज राहूनच गेली. पुढं कुणाला आठवण झाली नाही आणि मामानं करू दिली नाही. लग्नाचा विषय निघाला की तो हळूच उठून दुकानात जायचा.

दुकान पुस्तकबांधणीचं. एक खोली, एक उंच खिडकी, पुठ्ठ्यांच्या चळती आणि शेगडीवर रटरटणारी खळ. दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात कागदाचा भुगा तरंगायचा आणि मामा दाभणानं जुन्या पुस्तकांच्या पाठी शिवत बसायचा. शिवता शिवता मधेच थांबायचा. डोळे उघडे, हात हवेत, माणूस जागेवर नाही. "कुठं गेला होतास?" असं विचारलं तर म्हणायचा, "इथंच होतो की."

नात्यागोत्यात मुंज निघाली की मात्र सगळ्यांना मामा आठवायचा. मुंजीच्या सकाळी आई आणि मुलगा एका ताटात शेवटचे जेवतात, त्याला मातृभोजन म्हणतात. त्यांच्याबरोबर मुंज झालेली, बिनलग्नाची आठ मुलं पाटावर बसवायची असतात. हल्ली आठ मुलं आणायची कुठून? कुणाचा क्लास, कुणाची मॅच. मग सात कशीबशी जमायची आणि आठव्या पाटावर मामा बसायचा, टक्कल पडलेला, गुडघे दुखत असताना मांडी घालून. सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो म्हणतात, म्हणून पोरं त्याला आधीपासूनच मुंज्या म्हणायची. "पिंपळावर वारा बरा असतो," एवढंच तो म्हणायचा.

यंदा माझ्या मुलाची मुंज ठरली. आमंत्रण द्यायला मी दुपारी दुकानात गेले, तर तिथं प्रूफवाल्या बाई बसलेल्या. या बाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अकरा वर्षं त्या दर आठवड्याला मामाकडं काहीतरी बांधायला आणत होत्या. इतकी पुस्तकं कुणाकडं असतात? मला कळत होतं, सगळ्या गल्लीला कळत होतं.

बाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "गुरुवारी चारच्या गाडीनं मी लेकीकडं चाललेय. तुम्ही काही बोललात तर परत येईन, नाहीतर तिथंच राहीन. याहून स्पष्ट मला सांगता येत नाही."

मामा पुठ्ठ्यावर खळ लावत राहिला. "गुरुवारी भाचीच्या मुलाची मुंज आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," असं म्हणून बाई उठल्या. त्यांनी पर्स उचलली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

माझं डोकंच फिरलं. "मामा, तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? तुला त्या हव्यात की नकोत?"

"हव्यात."

"मग?"

"माझी सोडमुंज कुठं झालीय?"

मी हसले. तो हसला नाही. उन्हाचा पट्टा त्याच्या हातांवर आला होता आणि बोटांवर खळ वाळत होती. तो म्हणाला, "मातृभोजनाच्या वेळी आईनं शेवटचा घास पुढं केला ना, मी म्हणालो, पुरे, पोट भरलं. बाहेर पोरं खेळत होती. तिनं तो घास ताटात परत ठेवला." बोटांवरची खळ खरवडत म्हणाला, "पाटावर बसलो की वाटतं, अजून जेवण चाललंय. कुठल्याही घरात असो, कुणाचीही आई असो. धूर असतो, ओल्या केसांचे पोरगे असतात. वाटतं, आता तो घास येईल. सोडमुंज केली की तो पाट गेला."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी घरी जाऊन भांडी घासते. त्या दिवशी स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

गुरुवारी मामा सगळ्यांच्या आधी आंघोळ करून हजर. होमाच्या धुरानं खोली अस्पष्ट झालेली, माणसं पाण्याखालून चालल्यासारखी हळू दिसत होती. पाट मांडल्याबरोबर तो आठव्यावर जाऊन बसला.

"मामा, ऊठ," मी म्हणाले.

त्याला गंमत वाटली.

"ऊठ. पोरगा माझा आहे, पाटावर कोण बसणार ते मी ठरवणार."

तो उठला. मामाला मी आयुष्यात असं कधी बोलले नव्हते. गुरुजींनी मान वर केली. "आठवा कुठाय?"

"आठवा यंदा नाही."

गुरुजींनी शांतपणे एक सुपारी काढली, उपरण्याला पुसली आणि पाटावर ठेवली. "माणूस नसला की सुपारी चालते."

मामा खांबाला धरून उभा होता. "चालते?"

"चालते की."

"मग मी इतकी वर्षं?"

"तुम्ही यायचात," गुरुजी म्हणाले. "येणाऱ्याला नको कसं म्हणायचं?"

मी मुलाला भरवत होते. मामा माझ्या हाताकडं बघत होता, त्या सुपारीकडं बघत होता. एक घास त्यालाही द्यावा असं फार फार वाटलं. पण दिला असता तर तो त्या धुरात आणखी वीस वर्षं बसून राहिला असता. मी दिला नाही. ते मला अजून जड जातं.

हल्ली सोडमुंजही त्याच दिवशी उरकतात. तीन वाजता मुलाला छत्री दिली, काठी दिली, वहाणा घातल्या. या वेशात मुलगा यात्रेला निघतो आणि त्याच्या मामानं त्याला आडवं जाऊन परत आणायचं, "जाऊ नको, माझी मुलगी देतो" म्हणून. माझ्या चुलतभावानं तसं म्हटलं, माझ्या मुलानं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. तेवढ्यात मामा पुढं आला.

"गुरुजी, माझीही करून टाका."

गुरुजींनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "त्रेपन्न वर्षं उशीर झालाय."

"म्हणून तर घाई आहे."

विधी थोडक्यात झाला. छत्री माझ्या नवऱ्याची, वहाणा मामाच्याच, दारातल्या. "आता निघा," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला अडवायला तुमचा मामा?"

"तो जाऊन तीस वर्षं झाली."

"मग घरातल्या कुणीतरी हाक मारा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते. गाड्यांचा थांबा रस्त्याच्या टोकाला. मामा चार पायऱ्या उतरला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. तो हाकेची वाट बघत होता, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

माझी आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हा माणूस आणि ती खळीच्या वासाची खोली. तो बाईंचा झाला तर ती खोली पहिल्यासारखी माझी राहणार नव्हती. हाक अगदी ओठांवर आली होती.

"आई, हाक मार ना," मुलगा म्हणाला. मी त्याला जवळ ओढलं.

मामा आणखी एक पाऊल चालला. थांबला. मग दुसरं. मग काखेत छत्री धरून तो झपाझप चालू लागला, आणि वळणावर, दुखऱ्या गुडघ्यांचा माझा मामा, चक्क पळाला.

"अहो, हाक मारा," मागून गुरुजी म्हणाले. "विधी अपुरा राहतो."

"राहू द्या," मी म्हणाले.