डाव्या हाताचे दिवे

पप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी दर शनिवारी कोपरहून ठाण्याला एका क्लासला जात होते. कॅमेरा, कोड आणि छोटे दिवे-बझर जोडून काहीतरी हलतं-बोलतं बनवायचं, असा तो क्लास. बाकीची मुलं स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून त्याला स्क्रीनवर शिंगं लावत बसायची. मी पाण्याची बाटली धरायचे.

"तू का नाही येत समोर?" मॅडमनी एकदा विचारलं.

"बाटली ओळखतो का बघतेय," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हालचाल कशी ओळखायची तेही तिथेच शिकले. कॅमेरा आत्ताचं चित्र मघाच्या चित्राशी ताडून बघतो. कितपत फरक पडला की 'हललं' म्हणायचं, तो आकडा आपण ठरवायचा. आकडा फार खाली नेला तर न हललेलंही हललेलं दिसतं, विशेषतः स्वस्त कॅमेरा आणि कमी उजेड असेल तर. हे मॅडमनी सांगितलेलं माझ्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात.

पप्पांचं बोलणं ठीक होतं, डावा पायही हळूहळू उचलत होता. हात मात्र कुणीतरी ठेवून गेल्यासारखा मांडीवर पडलेला असायचा. फिजिओ ताई दिवसाआड यायच्या, बोटं एकेक उघडून ताणायच्या आणि म्हणायच्या, "व्वा काका, आज हललं हं थोडं!" त्या गेल्या की पप्पा म्हणायचे, "बालवाडीतल्या पोराला सांगतात तसं सांगते ती." त्यांची सगळी नोकरी लेथ मशीनवर गेली. माणूस काय म्हणतो यापेक्षा माप काय दाखवतं, यावर त्यांचा विश्वास.

म्हणून मी त्यांच्यासाठी माप बनवलं. जेवणाच्या टेबलावर वरून कॅमेरा, समोर दहा दिव्यांची पट्टी. हात जितका हलेल तितके दिवे लागणार.

पहिल्या दिवशी पप्पांनी आधी उजवा हात हलवला. दहाच्या दहा लागले.

"अहो, चीटिंग नको," मम्मी म्हणाली. ते हसले आणि डावा हात टेबलावर ठेवला.

एकही लागला नाही. कपाळावर घाम आला तरी नाही.

"चालू आहे ना गं? नीट बघ. मी हलवतोय."

आकडा चाळीस होता. मी पंचवीस केला, मग बारा. सहावर आणल्यावर एक दिवा लागला, विझला, मग दोन लागले.

"लागला! अगं, इकडे ये, लागला!" मम्मी पिठाच्या हातांनी धावत आली. पप्पा रडत होते. मीही हसले. मला तेव्हा कळलं नव्हतं, असं मी लिहू शकते. पण वहीतलं वाक्य मला पाठ होतं.

त्यानंतर ते रोज तासन्‌तास तिथे बसायला लागले. मम्मी बाहेरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज किती?" कधी तीन, कधी चार. एका दुपारी पप्पा आंघोळीला गेले असताना मी तिथून गेले. टेबलावर नुसतं मेणकापड होतं आणि तीन दिवे लागलेले होते. मी बटण बंद केलं.

त्याच आठवड्यात पप्पांनी फिजिओ ताईंना येऊ नका म्हणून सांगितलं. "तुमच्यापेक्षा माझं मशीन बरं. खोटं बोलत नाही." मी दाराशीच उभी होते.

दोन महिन्यांनी शर्ट घालताना त्यांची आखडून बसलेली डावी मूठ अस्तनीतून जाईना. मम्मीने ताईंना पुन्हा बोलावलं. बोटं उघडताना पप्पा ओरडले.

"घरी ताणत नव्हता का काका?"

"रोज करतो. दिवे बघा ना किती लागतात."

ताईंनी दिव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फरशीकडे. "आता कितपत येईल सांगता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मम्मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेली.

तेव्हा मी सांगितलं. "पप्पा, ते दिवे तुमच्या हाताने लागत नव्हते. मी आकडा खूप खाली नेलाय. हात नसला तरी लागतात."

त्यांनी उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर घेतला. टेबल रिकामं झालं. दोन दिवे लागले, मग तीन. मी आकडा चाळीसवर नेला. पट्टी काळी झाली. त्यांनी हात परत टेबलावर ठेवला, दात आवळले. काळीच राहिली.

"मघाचा आकडा टाक."

"पप्पा, तो खोटा आहे."

"कळलं मला. टाक."

मी सहा टाकला. दिवे पुन्हा लुकलुकायला लागले. पप्पांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. दारात चपलांचा आवाज झाला.

"आज किती?" मम्मीने विचारलं.

"चार," पप्पा म्हणाले.