तात्यांनी घेतलेला धसका

बंबवाले तात्या कुठेही शिरले की आधी माणसं मोजायचे आणि मग दारं. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, कीर्तनात, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेले असतानाही त्यांनी बोटांवर मोजणी केली होती. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते आमच्या टाइम ऑफिसात आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "माणसं पाच, दार एक. ताई, तुमची खुर्ची दारापासून लई लांब हाय." माझं नावगाव विचारायच्या आत त्यांनी माझं टेबल उचलून दाराशी आणलं होतं. आमच्या साहेबांना ते मुळीच आवडलं नाही, कारण त्या जागी त्यांचं लाडकं कपाट होतं. कपाट कोपऱ्यात गेलं. पुढची अकरा वर्षं मी दाराशीच बसले.

आमचा कारखाना वाळूजला. हजेरीपट ठेवणं, पाळ्या लावणं, रजेचे अर्ज चढवणं हे माझं काम. तात्या कारखान्याच्या अग्निशमन पथकात होते. मूळचे पाचोडकडच्या एका वाडीचे, धनगराच्या घरातले. लहानपणी मेंढरं राखली म्हणून मोजायची खोड लागली, असं ते सांगत. "मेंढरू आन् माणूस, घाबरलं की दोघं बी एकाच दाराकडं पळत्यात," हे त्यांच्या प्रशिक्षणातलं पहिलं वाक्य. नव्या कामगारांना ते ऐकवायचेच, पण कारखाना बघायला आलेल्या परदेशी साहेबांनाही त्यांनी ते तितक्याच गंभीरपणे ऐकवलं. दुभाष्याने त्याचं काय केलं कोण जाणे, साहेबांनी मात्र वाकून नमस्कार केला.

पाळी बदलताना फायरमन एकमेकांना चार्ज देतात. दोर किती, शिड्या किती, नळ्या किती, सगळं मोजायचं आणि रजिस्टरात सह्या करायच्या. इतरांचं हे दोन मिनिटांत उरकायचं. तात्यांचा चार्ज म्हणजे जवळजवळ आरतीच. एकेक वस्तू हातात घेऊन मोठ्याने तिचं नाव घ्यायचे आणि समोरच्याने "घेतली" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. घरीही तोच कारभार. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायच्या, "ड्यूटीला निघाले की दारात हुभं राहून मला चार्ज देत्यात. दूध तापलंय, ग्यास बंद हाय, म्हातारीला गोळी दिलीया. म्या 'घेतलं' म्हनले नाय तर चपला घालत नायत."

त्या वर्षांत पाऊस सलग दगा देत होता आणि शहर मात्र आमच्या दिशेने धावत सुटलं होतं. काल ज्वारी होती तिथे आज इमारत, आणि इमारतीचं नाव हमखास पाण्यावरून. एकीचं नाव सरोवर, दुसरीचं निर्झर. निर्झरमध्ये टँकर चौथ्या दिवशी यायचा. तात्यांचा लाल बंब रस्त्याने निघाला की मागून कळशा घेऊन बायका धावायच्या. तात्या खिडकीतून हात जोडायचे, "बायांनो, ह्ये आगीचं पानी हाय!" एकीने त्यांना सुनावलं, "मग घराला आग लावू का? तवा तरी देशाल?" तात्या हे आम्हाला आठवडाभर हसून हसून सांगत होते. त्या दिवशी परतताना मात्र उरलेलं पाणी त्याच गल्लीत धुण्याभांड्याला वाटून आले, आणि रजिस्टरात नोंद केली, 'सरावासाठी वापरले.' मी ती नोंद पाहिली आणि पान उलटलं.

आसपासच्या गावांत विहिरी खोल खोल चालल्या होत्या. गाळ काढायला माणसं उतरायची आणि काही बरंवाईट झालं की दोर-शिडीवालं सगळ्यांत जवळचं पथक आमचंच. कंपनी पाठवायची, तात्या जायचे. एका दुपारी दरड कोसळून गाळ काढणारा एक जण छातीपर्यंत गाडला गेला. तात्या दोरावरून खाली उतरले. वर दोर धरायला पैलवान होता. पैलवान म्हणजे पथकातला सगळ्यांत दांडगा गडी, शहरात वाढलेला, तोंडाचा फटकळ. खाली माती उकरावी तर वरून आणखी यायची. मोठं यंत्र येईपर्यंत तात्या त्या माणसाचा हात धरून बसले आणि त्याच्याशी मेंढरांबद्दल बोलत राहिले, कारण तोही मेंढरं राखलेलाच निघाला. यंत्र आलं, पण तोवर तो हात सैल पडला होता. तात्या वर आले, कारखान्यात येऊन त्यांनी रीतसर चार्ज दिला आणि घरी गेले.

पंधरा दिवसांनी सकाळचा दहाचा भोंगा वाजला आणि तात्या होते तिथेच मटकन खाली बसले. हा धोक्याचा भोंगा रोज नुसता चाचणीसाठी वाजायचा, आम्ही त्यावर घड्याळं लावायचो. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांना दोर हातात धरवेना, टोपी डोक्यावर घालवेना. पैलवान खो खो हसायचा, "क्या तात्या, आज भी जमीनदोस्त?" बाकीचेही हसायचे. एकदा मलाही हसू फुटलं होतं, ते आजही टोचतं.

पुढे तात्या येईनासेच झाले. काकूंनी त्यांना आधी देवऋषीकडे नेलं, मग शहरातल्या मनाच्या डॉक्टरकडे. दोन्हीकडचा अहवाल तात्यांनीच मला दिला: "देवऋषी म्हनला, हिरीतलं लागलंय. डाक्टर बी तेच म्हनला, फकस्त इंग्रजीत. डाक्टरनं कोंबडं मागितलं नाय, येवढाच फरक."

इकडे हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मी रोज 'गैरहजर' लिहीत होते. साहेब म्हणाले, "हात मोडला असता तर कामावरची इजा धरली असती. पगारी रजा, उपचार, सगळं मिळालं असतं. हे मनाचं कुठे बसवायचं? असंच चाललं तर नाव कमी करावं लागेल." मी म्हटलं, अर्ज तर करून बघू.

विमा कंपनीचा भरपाईचा फॉर्म घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तिसऱ्याच रकान्यात गाडी अडली. 'इजा झालेला अवयव.' तात्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले, पाय पाहिले आणि म्हणाले, "समदे जागेवर हाईत की वो." मग काकू आत गेल्याचं बघून हळूच विचारलं, "ताई, म्या भित्रा झालो का?" मी रकान्यात 'मन' लिहिलं.

आता माझी करामत ऐका. माझे वडील शाळेत मराठी व्याकरण शिकवायचे. आमच्या घरात चुकलेल्या वेलांटीला माफी नव्हती. त्यामुळे अर्ज मी अगदी सजवून लिहिला: 'सदर दुर्घटनेचा कर्मचाऱ्याने मोठा धसका घेतला असून...' वडिलांनी दोन स्वल्पविराम सुधारले आणि शाबासकी दिली. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं उत्तर आलं. 'कर्मचाऱ्याने धसका स्वतः घेतल्याचे अर्जातच नमूद आहे. स्वतःहून घेतलेल्या गोष्टीची भरपाई देय नाही.' 'धसका बसला' एवढं लिहिलं असतं तर! घरी जाऊन वडिलांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "कर्ता कर्मचारीच आहे. व्याकरणाने त्यांचं बरोबर आहे." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पत्र घेऊन मी तात्यांकडे गेले. त्यांनी पत्र ऐकून घेतलं आणि कित्येक महिन्यांनी पोट धरून हसले. "म्या घेतला? कंच्या दुकानातून? अगं ऐकलंस का, म्या धसका इकत घेतला म्हनं! पिशवी बी नेली नसंल!" काकूही हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

प्रकरण कामगारांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधीश बाईंपुढे गेलं. तात्या खोलीत शिरले, "माणसं नऊ, दारं दोन," असं पुटपुटले आणि जरा सैलावले. विमा कंपनीच्या वकिलांनी माझं ते वाक्य खड्या आवाजात वाचून दाखवलं. मग माझ्याकडे वळले.

"हे अक्षर तुमचंच?"

"हो."

"आणि 'घेतला' हा शब्दही तुमचाच?"

"मराठीत असंच म्हणतात," मी म्हटलं.

"मराठीत 'बसला' असंही म्हणतात. तो का नाही लिहिलात?"

'घेतला' मला जास्त भारदस्त वाटला होता, हे भर कोर्टात कोणत्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात तात्या उठून उभे राहिले. "बाईसाहेब, ताईनं बरुबर लिवलंय. धसका म्याच घेतला."

वकीलसाहेबांचा चेहरा खुलला.

"ड्यूटीवर निघताना समदं आमीच घेतो," तात्या म्हणाले. "दोर घेतला, शिडी घेतली, टोपी घेतली. हिरीत उतरल्यावर त्या मानसाचा हात हातात घेतला. ह्यो धसका बी तिथंच घेतला, घरून नव्हता नेला. परत आल्यावर एकेक जमा केलं, रजिस्टर बघा. दोर जमा, शिडी जमा, टोपी जमा. ह्यो येवढा जमा व्हायचा राहिला, कारन ह्याचा चार्ज घ्यायला कुनी नव्हतं. आता तुमी घ्या लिहून."

न्यायाधीश बाईंनी रजिस्टर मागितलं. त्या दिवसाचं पान वाचलं, डॉक्टरांचा कागद वाचला आणि वकिलांना विचारलं, "दोर या कर्मचाऱ्याने स्वतःहून घेतला होता का?"

"नाही, कामासाठी," वकील म्हणाले.

बाईंनी मान डोलावली आणि लिहायला सुरुवात केली.

निकाल तात्यांच्या बाजूने लागला. 'गैरहजर' लिहिलेले सगळे दिवस मी लाल शाईने खोडून 'कामावरील इजा, रजा' असं लिहिलं, आणि इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी खाडाखोड केलेली नाही. तात्या उपचार घेत राहिले. बंबावर ते पुन्हा गेले नाहीत, पण निवृत्तीपर्यंत प्रशिक्षण त्यांच्याकडेच होतं. मग वाडीवर गेले. दोन शेळ्या पाळल्या आणि मला फोनवर त्यांचं दूधदुभतं नियमित कळवत राहिले. गेल्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला, तात्या गेले. मी भरपूर रडले. पण तात्या म्हटलं की मला आठवते ती निकालाची प्रत हातात पडली ती दुपार.

जेवणाची सुट्टी होती. तात्या कॅन्टीनमध्ये आले, सगळ्यांच्या मधोमध बसले आणि म्हणाले, "ताई, ती ओळ वाचा. मोठ्यानं." मी वाचली, "'सदर इजा कामावर असताना आणि कामामुळेच झाली आहे.'" ते म्हणाले, "आनखी एकदा." मी पुन्हा वाचली. "म्हंजे भित्रा नव्हतो," ते स्वतःशीच म्हणाले. सगळे खायचे थांबले होते. कोणी हसलं नाही.

लोक पांगल्यावर पैलवान माझ्याजवळ आला. नेहमीचा आवाज नव्हता. "ताई, वो फारम और एक है क्या? त्या दिवसापासून... पोरीला उचलून घ्यायची भीती वाटते. हात कापतात."

तात्या तिथेच होते, त्यांनी ऐकलं. मला वाटलं, इतके महिने खाल्लेले टोमणे आता सव्याज परत करणार. त्यांनी पैलवानाला खुर्चीत बसवलं, स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवला आणि मला म्हणाले, "ताई, ह्याच्या अर्जावर साक्षीदार म्हनून माझं नाव लिवा. त्या दिशी वर ह्याचे हात थरथरत व्हते. दोरातून मला खाली कळत व्हतं."