रिकाम्या पारड्याचं वजन

आमचे आबाजी पुंडलिकराव आर्वीच्या कापूस बाजारात छत्तीस वर्षं मापारी होते. मापारी म्हणजे तराजूजवळ उभं राहून वजन पुकारणारा. पुकारा असा, की डेपोतून निघालेल्या एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारून विचारावं, "मले बोलावलं काय?" रिटायर झाले तरी आवाज रिटायर झाला नाही. आई ताटात पोळ्या वाढायची अन् हे मोजायचे, "लाभ! दोन! तीन!" एक म्हणायचंच नाही, मापाची सुरुवात लाभानं.

२००८ साली आमच्याकडे नेट आलं ते रुपाआत्यामुळे. आत्या मस्कतला. तिला मुलगी झाली, पण आबाजींनी नात अजून मांडीवर घेतलेली नव्हती. दर रविवारी अर्धा तास कॅमेऱ्यात भेट. ती तिकडून "ग्गा" करायची, हे इकडून "ग्गा" करायचे, अन् तेवढ्यावर आबाजींचा आठवडा जायचा.

पण नेटला मर्यादा होती. महिन्याला एक जीबी, बाबांच्या हिशेबात हजार एमबी. दोन महिने लागोपाठ मर्यादा ओलांडली गेली. बाबा शाळेत गणित शिकवतात, घरातही फळ्यापुढे उभं राहिल्यासारखेच बोलतात. तिसरा महिना लागला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "या महिन्यात हजाराच्या वर गेलं, तर पुढच्या एक तारखेला कनेक्शन काय होईल?"

"बंद होईल," आम्ही सगळे एका सुरात.

आबाजी त्या सुरात नव्हते. ते कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे पाहत होते.

मग सगळ्यांनी माझ्या भावाकडे, स्वप्निलकडे पाहिलं. "मले काऊन पाहून राह्यले? आई शप्पथ, दोनच गाणे उतरवले!"

"कोनावर आळ घेऊ नका," आबाजी म्हणाले. "माल मोजल्याबिगर चोर ठरत नसते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवल्याशा टीव्हींचं चित्र असतं. त्यावर टिचकी मारली की किती माल आला, किती गेला, ते दिसतं. हे आबाजींना मिनिटभरात कळलं. "बाप्पा! हे तं आवक-जावक हाय!"

तेव्हापासून कुणीही बसलं की उठताना पुकारा व्हायचाच.

"सूनबाई! पापडाची रेसिपी! तीन!"

"आचल! कालेजचा फारम! लाभ!" ही मी.

"स्वप्निल! कोन्या पोरीचे फोटो! चौदा!"

"आबाजी, हळू बोला नं!"

"काटा हळू बोलत नसते."

गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना कळलं, अन् स्वप्निलचा वापर आठ दिवसांत निम्म्यावर आला. रुपाआत्याचा रविवार भरायचा साठ एमबी.

दहा तारखेला आबाजींच्या पुकाऱ्याची बेरीज झाली एकशे नव्वद. बाबांनी कंपनीच्या साइटवर पाहिलं, तिथं सहाशे दहा. "फरक किती?"

"चारशे वीस," आम्ही. यावेळी जरा हळूच.

"आबाजी, तुमचं माप चुकलं," बाबा म्हणाले, तेही हळूच. "रविवारचा कॅमेरा बंद करावा लागेल."

'माप चुकलं' हे छत्तीस वर्षांत त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. न व्यापाऱ्यानं, न शेतकऱ्यानं. ते उठून अंगणात गेले. मी चहा घेऊन गेले, तर स्वतःशीच पुटपुटत होते.

"माहंच चुकलं, आचल. पासंग नाई पाह्यला."

"ते काय असते?"

"अवं, रिकामं तराजू बी कधी कधी एका अंगाले झुकते. ते पासंग. मापाऱ्यानं सकाळी पह्यले रिकामी पारडी पाहाव, मंग माल चढवाव. म्या रिकामं पारडं पाह्यलंच नाई!"

लगेच हुकूम सुटला. यंत्र चालू, नेट चालू, पण एक घंटा कोणी हात लावायचा नाही. आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. स्वप्निलला तर समोर बसवून ठेवलं, दोन्ही हात मांडीवर. तासानं आबाजी आत गेले, अन् जो पुकारा झाला त्यानं भिंतीवरची पाल पडली.

"अडतीऽऽस! रिकामं पारडं अडतीस खाऊन राह्यलं!"

सायबर कॅफेवाल्या भूपेंद्रला बोलावलं. तो अर्धा हिंदीत बोलायचा, अर्धा आमच्या बोलीत. "आबाजी, वो अँटिव्हायरस हाय नं, ते आपलं आपलंच माल उतरवते. अन् मधात लाइट गेली का फिर से शुरू. इथं लाइट तं दिवसातून दोनदा जाते." त्यानं पडद्यावरच्या दोन चौकटींतल्या टिकखुणा पुसून ते आपोआप उतरणं बंद केलं अन् म्हणाला, "अपडेट माह्याकडून सीडीवर घेऊन जात जा."

"गोपाल," आबाजी बाबांना म्हणाले, "आता पाह्य माह्यं माप."

तीस तारखेला रविवार होता. सकाळी कंपनीच्या साइटवर आकडा होता नऊशे तीस. उरले सत्तर, लागणार साठ. बाबा घड्याळ काढून मागं उभे. आत्यानं मुलीला फरशीवर ठेवलं अन् आबाजींना म्हणाली, "बाबा, पाहा हं." पोरगी हातांवर उठली, डुलली, अन् चक्क रांगत कॅमेऱ्याबाहेर निघून गेली.

"अवं रुपा, पोट्टी कुठी गेली? कॅमेरा फिरव नं!"

"फिरवते, बाबा! ओढाताण करू नका, वायर निघेल!"

"म्या कुठी ओढून राह्यलो? म्या आर्वीत हाव!"

कॅमेरा फिरला. पोरगी खुर्चीच्या पायाला धरून बसली होती. अर्धा तास झाला. आबाजींनी कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. एकोणसाठ. हात माउसवर ठेवला, बंद करायला.

बाबा मागून पुढं आले, कॅमेऱ्यात वाकले.

"रुपा, पुढच्या रविवारी हिला उभी करून दाखवशील का?"