बेलभंडाऱ्यानं बांधलेला संघ

मल्लिनाथसर दुपारपर्यंत शेंगाचटणी विकतात आणि संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवतात. तिखटपणा दोन्हीकडे सारखाच. पास चुकला की त्यांचा आवाज मैदानाबाहेरच्या भेळवाल्यापर्यंत पोचतो. पण कुणाचा गुडघा फुटला, तर औषधाची बाटली घेऊन सगळ्यांत आधी धावतात तेच.

चार वर्षांपूर्वी सामन्याच्या आदल्या दिवशी तीन मुली नव्या बुटांच्या मोहानं दुसऱ्या क्लबात गेल्या आणि सर नऊ गोलांनी हरले. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून नवी मुलगी आली, की सर तिच्या हातात बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवायचे आणि शपथ वदवून घ्यायचे, "दुसऱ्या क्लबातनं कधी खेळणार नाही." जिल्ह्याचा नियम सांगतो, हंगाम संपला की खेळाडूनं खुशाल हवं तिकडं जावं. पण उचललेल्या बेलभंडाऱ्यापुढं जिल्ह्याच्या नियमाला कोण विचारतो? सर स्वतःच्या अकलेवर खूश होते. त्यांची बायको दानम्मा तेवढी म्हणाली होती, "लेकरांना देवाचं भ्या घालू नये, अवो." सरांनी ते कानाआड केलं.

यंदा मे महिन्यात एका मोठ्या क्लबाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. "तुमच्या सुकन्याला आम्ही पुण्याच्या स्पर्धेला नेणार होतो. शनिवारी नोंदणी संपतेय, पण ती नाही म्हणते."

सरांची छाती फुगली. पोरगी असावी तर अशी! त्यांनी दानम्माला दोनदा ते ऐकवलं, चटणीचा डबा भरून घेतला आणि शाबासकी द्यायला थेट सुकन्याचं घर गाठलं.

सुकन्याचे वडील जोतिराम मेंढरं घेऊन रानात गेले होते. आई गोजाबाईंनी पाणी दिलं, पण चेहरा उतरलेला. सुकन्या भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"दोन दिस झालं, धड जेवली न्हाय बघा," गोजाबाई म्हणाल्या. "जायाचं लई मनात हाय. पर भंडारा उचललाय, सर. बिरोबाम्होरं खोटं कसं पडायचं?"

सरांच्या हातातला डबा हातातच राहिला. ज्याला ते निष्ठा समजत होते, ती नुसती भीती होती, आणि ती त्यांनीच घातली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मग हे सोडवायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"ज्यानं बांदलं, त्यानंच सोडावं की."

सर देव्हाऱ्यापुढं बसले. भंडारा उचलून म्हणाले, "देवा, हिला मी मोकळी केली. दोष असला तर माझा." सुकन्यानं डोळे पुसले. आता ही पाया पडणार, असं सरांना वाटलं. ती म्हणाली, "आन बाकीच्या पोरींचं, सर?"

बाकीच्यांचा विचार सरांनी केलाच नव्हता. करायचाही नव्हता. पण भंडारा अजून हातातच होता, आणि मायलेकी दोघी त्यांच्याकडं बघत होत्या. "सगळ्याच मोकळ्या," सर म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावर हे सगळ्यांना सांगून टाकलं. शनिवारी सुकन्या गेली, तिच्यामागं आणखी तिघी गेल्या. चौदातल्या चार! रविवारी सर तासभर आधी मैदानावर गेले आणि रिकाम्या गोलाशेजारी बसले. आता कुणी येतंय की नाही, या धास्तीनं त्यांना चहासुद्धा गेला नव्हता.

एकेक करत दहा जणी आल्या. वैष्णवी, सरांची सगळ्यात जास्त बोलणी खाणारी गोलकीपर, हातमोजे चढवायला लागली. सरांना राहवेना.

"तू का गेली नाहीस गं?"

"कुटं जाऊ? तुमी लई वरडता, पर हितं मजा येती की, सर."

सरांनी घाईघाईनं शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजवायला त्यांना बराच वेळ लागला. चार वर्षांत हा प्रश्न कुणालाही विचारायचं त्यांचं धाडस झालं नव्हतं.