वरचं गढूळ पाणी

आमच्या प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. वयाने ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तरी मीही ताईच म्हणायचो. तिचा धाकटा भाऊ दुपारी फोन करायचा आणि उचलेल त्याला विचारायचा, "ताई आहे का?" मग आम्ही ओरडायचो, "ताई, फोन!" तेच नाव चिकटलं. ज्यांच्या हाताखाली आम्ही काम करायचो त्या मॅडमसुद्धा तिला ताई म्हणत. मी सूक्ष्मदर्शक सांभाळणारा. मला काका म्हणत, तेही तोंडदेखलं, कारण माझ्या तिरसट जिभेला सगळे वैतागलेले होते.

ताईचं काम पेशी सुट्या करायचं. शस्त्रक्रियेत आजारी हृदयाचा एखादा तुकडा काढावा लागला, की रुग्णाच्या परवानगीने तो बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे यायचा. नखाएवढा. ती तो बारीक चिरायची, पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळवणाऱ्या कोमट द्रवात टाकायची आणि हलवत बसायची. त्या द्रवात कॅल्शियम औषधालाही नसतं. नंतर ते थेंबाथेंबाने परत द्यायचं. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढू नये, तसंच हे. घाई केली की पेशी आकसून गोळा होतात आणि मरतात.

शेवटी ती नळी उभी करून दहा मिनिटं तशीच ठेवायची. चांगल्या पेशी जड, त्या तळाला बसतात. बाकीचं वर राहतं. ते वरचं गढूळ पाणी ती अलगद ओतून द्यायची, नवं घालायची, पुन्हा ओतायची. असं तीनदा. तळाला उरायच्या त्या लांबट चौकोनी पेशींना आम्ही विटा म्हणायचो आणि वरच्याला फोलपट. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लांबलांबच्या प्रयोगशाळांतून लोक तिचं काम बघायला यायचे आणि तिच्या बशीत एकही फोलपट दिसत नाही म्हणून चकित व्हायचे. ती लाजायची, पण आतून सुखावायची, हे मला ठाऊक होतं.

विटा माझ्याकडे आल्या की मी त्यांना कॅल्शियम दिसलं की उजळणारा रंग पाजायचो. पेशीच्या आत कॅल्शियमचं कोठार असतं. दर ठोक्याला कोठाराची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर येतं, पेशी आकसते आणि मग ते सगळं परत आत भरलं जातं. पडद्यावर पेशी लखकन उजळते, विझते. आजारी पेशीत दारं नीट मिटत नाहीत. दोन ठोक्यांच्या मधेही गळती चालूच, बिघडलेल्या नळासारखी. आतल्या बारीक नळ्यांची रांग मोडते, पेशी लांबते, पातळ होते. हृदय फुगतं आणि दमतं.

ताईच्या भावाला हेच झालं होतं. सायकली दुरुस्त करणारा माणूस, अडतीस वर्षांचा. एक ताप आला, गेला आणि जाताना हृदय घेऊन गेला. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चला, जन्मभर सगळे मला कोत्या मनाचा म्हणायचे, आता बोला!" बहीण हसली नाही. ती असलीच हृदयं चिरत आली होती. या रोगात पुढे काय होतं हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

म्हणून मॅडम शोधत असलेल्या नव्या औषधावर तिचा जीव टांगलेला होता. ते औषध कोठाराची गळती थांबवत होतं. ताईच्या विटांवर ते टाकलं की मधलं ठिबकणं बंद व्हायचं आणि ठोका ठसठशीत पडायचा. अडीच वर्षं, शंभरावर हृदयांचे तुकडे, दर वेळी तेच. मग हॉस्पिटलात रुग्णांना गोळी देऊन बघायचं ठरलं. रुग्णांची पहिली तुकडी झाली, तिचे आकडे यायचे होते, तोवर दुसऱ्या तुकडीत भावाचं नाव लागलं. "ताईने केलेलं औषध आहे," असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

त्याच्या तपासण्यांसाठी ताईने एक दिवस रजा घेतली आणि नेमका त्याच सकाळी एक तुकडा आला. मॅडम परगावी. मीच बसलो. चिरलं, हलवलं, थेंब मोजले. नळी उभी केली, पण तीनदा ओतायचा मला कंटाळा आला. खरं सांगायचं तर ओतताना विटाही निसटतील अशी भीती वाटली. सगळंच बशीत घेतलं. गोळा झालेल्या मेलेल्या पेशी होत्याच. पण त्यांच्यात कितीतरी पातळ, लांब, मरगळलेल्या पेशी जिवंत होत्या आणि ठोक्याला मंद उजळत होत्या. औषध टाकलं. त्यांचा उजेड कमी झाला आणि एकेक करून त्या आकसायच्या थांबल्या.

मी मनात म्हटलं, दोष आपल्या हाताचा. ताईचा हात सोन्याचा, आपला लाकडाचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं म्हणणाऱ्यांतला मी नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता. इथे अंगणच वाकडं होतं आणि मी माझ्या नाचण्याला शिव्या देत बसलो. वहीत "पेशी खराब, नोंद धरू नये" असं लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईने दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हटलं, "वाया गेला तुकडा." ती म्हणाली, "असू दे काका, होतं असं."

नऊ दिवसांनी भावाने पहिली गोळी घेतली.

दोन महिन्यांनी पहिल्या तुकडीचे आकडे आले. ज्यांचं हृदय थोडं दमलेलं होतं ते जरा सुधारले होते. जे जास्त आजारी होते ते आणखी खचले होते. मॅडम कागद पुन्हा पुन्हा चाळत म्हणाल्या, "असं कसं? पेशींत तर एकदाही असं दिसलं नाही." दिसलं होतं, आणि ते पाहणारा मी एकटा होतो.

ताई नळ्या धूत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नळ बंद केला आणि विचारलं, "कुठला दिवस?" मी सांगितला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर गेली आणि त्या दिवसापासून भावाच्या पहिल्या गोळीपर्यंतचे दिवस बोटाने मोजू लागली.

दुसऱ्याच दिवशी पुढचा तुकडा आला तेव्हा तिने काहीच ओतलं नाही. मी पडदा लावला, औषध टाकलं, दोघं बघत राहिलो. मरगळलेल्या पेशींची कोठारं आधीच रिकामी होत आलेली. दारं आवळल्यावर जे थोडंफार बाहेर यायचं तेही बंद झालं. एक थांबली, मग दुसरी. "अडीच वर्षं मी यांनाच ओतून दिलं," ताई म्हणाली. "आजारी तर याच होत्या, काका. मी फक्त धडधाकट होत्या त्या तुम्हाला देत राहिले." तिने हात टेबलाखाली घेतले. त्या हातांचा तिला राग आला होता, मला माझ्या मिटून ठेवलेल्या तोंडाचा.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला. गोळ्या थांबवायचा निर्णय झाला. हॉस्पिटल सगळ्यांना उद्या कळवणार होतं. ताई म्हणाली, "माझ्या भावाला मी सांगते." मला म्हणाली, "तुम्ही या बरोबर." ती शिक्षा होती की आधार, मला आजही कळलेलं नाही.

तो दुकानामागच्या खोलीत उशा रचून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास लागायचा. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तरी बहिणीला बघून उजळला. "ये ताई! काल दोन पायऱ्या न थांबता चढलो, तुझ्या गोळीने." त्या दोन पायऱ्या खोट्या होत्या, हे त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ताईने सगळं सांगितलं. विटा, फोलपट, ओतलेलं पाणी, माझी वही, काही लपवलं नाही. त्याला किती कळलं कोण जाणे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली. मग उशीखाली हात घालून त्याने गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"तू सांगितलंस म्हणून घेतल्या," तो म्हणाला. "तू सांगतेस म्हणून सोडल्या. बरं, आता काय घेऊ?"

ताईने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. तो तिच्याकडे बघत राहिला. घरातलं सगळ्यात शहाणं माणूस आता सांगेल, अशा भरवशाने. बायको पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

तो त्यानंतर पाच आठवडे जगला. रोज एकदा तरी तो हेच विचारायचा, असं ताईने मला नंतर सांगितलं.