कोकमवाली

"हिला इचार," मासेवालीने वॉचमनला सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी म्हणाले, "मैं मच्छी नहीं खाती."

नव्या बिल्डिंगमध्ये येऊन आम्हाला चार महिने झाले होते. त्याआधी आम्ही नवघरच्याच चाळीत होतो आणि आठ वर्षं ती माझ्या दारात मासे घेऊन यायची. मी दिसले नाही म्हणून पत्ता काढत आली होती. फाटकावर पाटी होती, मासेवालीला आत मनाई. वॉचमन भला होता. कोणी ओळख दिली तर सोडतो म्हणाला. पण माझ्या शेजारी तळमजल्यावरच्या भाभी उभ्या होत्या, आणि माझ्या सुनेने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे नॉनव्हेज होत नाही.

ती भांडेल असं मला वाटलं. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. पदर होता, काही दिसलं नसावं.

"माळ घातलीस?"

मी पदर गळ्याशी ओढून घेतला.

"बरा केलास," ती म्हणाली आणि टोपली सांभाळत चार पावलं मागे सरली. माझ्या अंगावर वास येऊ नये म्हणून.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. ही खाडीकडच्या गावातली, काळी, उंच, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. नाव तिला कोणाचं लक्षात राहायचं नाही. नवं गिऱ्हाईक आलं की विचारायची, "कालवनान आंबट काय टाकतंस?" मी कोकम म्हणाले. "मंग रत्नागिरीची." तेव्हापासून मी कोकमवाली. समोरची चिंचवाली, ती पेणची. कोपऱ्यावरच्या नव्या नवरीने टोमॅटो सांगितलं तेव्हा ही टोपलीवर हात ठेवून हसत बसली. "टोमॅटोवाली कुठलीच न्हाय गं बाय."

"बोंबील शिळे दिसतात," मी म्हणायचे.

"तुझ्यापेक्षा ताजे हायत."

माझी लेक बाळंतपणाला आली, तिला दूध येईना. ही न सांगता मोरी घेऊन आली, दूध उतरवणारी मासळी. माझ्या न्हाणीपाशी बसून स्वतः साफ केली. भरपूर लसूण घाल, खोबरं नको, म्हणाली. जावई वाटी घेऊन पुढे आला तर त्याला म्हणाली, "तू कोनाला पाजनार हायस?" तिसऱ्या दिवशी धंदा सोडून विचारायला आली, दूध उतरलं का. उतरलं होतं.

त्या बाईला मी फाटकावरून परत पाठवलं.

पुढे आठवड्याने मी बाजारात गेले, खरं सांगायला. तिने मला लांबून पाहिलं आणि ओलं गोणपाट ओढून मासे झाकले. बाकीच्या बायांना म्हणाली, "सरका गं, माऊली जातेय." सगळ्या सरकल्या. मी जन्मभर तोंडावर बोलणारी बाई. सासऱ्यांनाही सोडलं नाही. तिथे नुसती मान हलवून निघून आले.

मग ते तसंच चालू राहिलं. ती झाकायची, मी पुढे जायचे. दुसऱ्या कोणाकडून घेतले तर तिला कळलं असतं. घरात तर सुनेने कढईच बदलली होती. माझे मासे सुटले. कोकमं गावाहून यायची, ती डब्यात वाळून काळी झाली. मी वरण-भात खाते, त्याला चव असते, पण ते माझं जेवण नाही.

यंदा तिच्या जागी तिची सून बसलेली दिसली; सासूबरोबर यायची, मला ओळखत होती. मी म्हणाले, "बोंबील दे."

"सासू गेली मार्गशीर्षात," ती म्हणाली. "सांगून गेलीय, या माऊलीचा नेम आपल्या हातून मोडायचा न्हाय."

"मी माळ कधी घातलीच नाही. खोटं बोलले तिच्याशी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तिला सांगायचा ना," म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सांगितलं नाही. सहा वर्षं रोज त्याच रस्त्याने जात होते. ती गेली. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, तब्येत बरी आहे.