गच्चीवरून आलेलं ग्रहण

मला सातवा महिना होता तेव्हा चंद्रग्रहण आलं. सासूबाईंनी दुपारपासूनच वेध पाळायला लावले. संध्याकाळी मला आतल्या खोलीत बसवून खिडक्यांना चादरी लावल्या. "कापाचं नाही, शिवाचं नाही, अन् भायेर तं पाहाचंच नाही," एवढं बजावून त्या दाराशी जप करत बसल्या.

माझे मिस्टर दारव्ह्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. आईशी वाद घालून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. जाता जाता हळूच म्हणाले, "तू बस. मी गच्चीवरून फोटो पाठोतो."

पहिला फोटो आला. काळ्यामिट्ट अंधारात एक पांढरा ठिपका. मी लिहिलं, "ही माझी कॅल्शियमची गोळी का?" दुसऱ्यात चंद्र चांगला मोठा, पिवळाधमक होता. नीट पाहिलं तर त्याच्याखाली विजेचा खांब. तिसरा हलला होता, चंद्राची पार शेवई झाली होती. मग त्यांनी पाण्याच्या टाकीवर दोन विटांमध्ये मोबाइल उभा केला म्हणे. थोड्या वेळानं एक लालभडक फोटो आला. मी हरखून गेले. मागोमाग मेसेज, "थांब, हे माहं बोट आहे."

मला हसू आवरेना. पोटात बाळानंही लाथ मारली.

"काहून हासून राह्यली वं?" बाहेरून सासूबाई.

"काही नाही आई, असंच."

शेवटी एक खरा फोटो आला. तांब्याच्या रंगाचा चंद्र, कडा जराशा फाटलेल्या. मी तो बराच वेळ पाहत बसले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी बाळाची हालचाल थांबली. मला यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाई पोटावरून मशीन फिरवत राहिल्या, काही बोलेनात, तेव्हाच मला कळलं. मुलगी होती. नाळेला पीळ पडला होता. "तुमचं काही चुकलं नाही," त्या दोनदा म्हणाल्या.

घरी आल्यावर बायका भेटायला येऊ लागल्या. एकीनं ग्रहणाचा विषय काढलाच. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "खिडक्याईले चादरी लावल्या होत्या म्या. तिनं पाह्यलं नाही."

"पाह्यलं," मिस्टर दारातून म्हणाले. "मीच दाखोलं. मोबाइलात."

बायका उठून गेल्या.

मी मोबाइल उघडला. एकही फोटो नव्हता. मिस्टरांनी माझ्या मोबाइलातूनही पुसून टाकले होते.

"तुम्हीच तर शिकवता, ती फक्त सावली असते."

"पोरायले शिकवतो," ते खाली पाहत म्हणाले. "पण नसते पाठोले तं..."

मला त्यांचा राग आला. माझी लेक आमच्या हसण्यात सामील झाली असेल तर त्याच एका संध्याकाळी, आणि त्यातलं काहीच त्यांनी माझ्यासाठी ठेवलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा पाहून मी मोबाइल बाजूला ठेवला.

सासूबाई चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवून त्यांच्याजवळ बसल्या. "मोबाइलातलं ग्रहण लागत नाही रे बाबू," त्या म्हणाल्या. "कोनं सांगतलं तुले?"

दवाखान्यातही न रडलेला तो माणूस आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागला. त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी माझा हात धरला.